सयाजीगंजातलं एक युनिट

वडोदरा स्टेशनाला दोन तोंडं आहेत. पश्चिमेकडून बाहेर पडलं की अलकापुरी, रुंद रस्त्यांची आणि बड्या दुकानांची. पूर्वेकडून पडलं की सयाजीगंज. रिक्षांचा गराडा, लॉजच्या पाट्या, कोचिंग क्लासच्या त्याहून मोठ्या पाट्या, चहाच्या टपऱ्यांवर बसलेली विद्यापीठाची पोरं आणि या सगळ्याच्या वर, झाडांतून डोकावणारा बडोदा कॉलेजचा घुमट. कॉलेज १८८१ सालचं, इमारत रॉबर्ट चिझमची. जरा पुढं काळा घोडा चौक आणि विश्वामित्रीच्या काठची कमाटीबाग. नदीत मगरी आहेत, आणि बडोद्याच्या माणसाला त्यांचं जराही अप्रूप नाही.

या सयाजीगंजात मी टकीला चाखायला शिकलो, असं म्हटलं की लोक हसतात. दारूबंदीच्या राज्यात? पण गोष्ट खरी आहे आणि कायद्याला धरून आहे.

झालं असं, की माझा एक आत्तेभाऊ टेक्सासहून येताना टकीलाची बाटली घेऊन आला. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, त्यातली ही. साधीसुधी नाही. शंभर टक्के अगावेची, ‘अन्येहो’, म्हणजे निदान वर्षभर ओकच्या पिंपात मुरलेली, आणि तीव्रता पन्नास टक्के. टकीला साधारण अडतीस-चाळीस टक्क्यांवर बाटलीत भरतात. मेक्सिकोच्या नियमात मुभा पस्तीसपासून पंचावन्नपर्यंत आहे, पण त्या मुभेचा वरचा भाग वापरणारे थोडे, आणि वापरतात तेही बहुतेक न मुरवलेल्या ‘ब्लांको’साठी. हालिस्कोतल्या आरांदास गावी ला अल्तेन्या नावाची १९३७ सालची भट्टी आहे. तिची ‘तापातिओ ११०’ पंचावन्न टक्क्यांची, पण तीही पांढरीच. मुरलेली आणि शिवाय कडक, हा योग दुर्मीळ. आत्तेभावाला याचं महत्त्व माहीत होतं. मला नव्हतं. घरात ते कळणारा एकच माणूस होता. सयाजीगंजात राहणारे आमचे काका. जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेला, आणि मद्याकडं बघायची नजरही प्रयोगशाळेतलीच.

बाटली घेऊन त्यांच्याकडं जाणं शक्य नव्हतं. ती सीमेपलीकडं नेणं हा सरळसरळ गुन्हा. काका लग्नासाठी मुंबईला यायचे होते, पण त्याला अवकाश होता. फोनवर म्हणाले, “तोवर झाकण उघडू नकोस. इकडं ये, इथं मिळेल त्या बाटलीवर शीक, मग ती उघडू.” बाटली दादरला कपाटात ठेवली आणि मी गाडीत बसलो.

गाडीनं घोलवडचे चिकू मागं टाकले, बोर्डी रोड गेलं, उंबरगाव रोड आलं. महाराष्ट्र संपून गुजरात लागला हे खिडकीतून अजिबात कळत नाही. वापीला डबा निम्मा रिकामा झाला; दमण तिथून जवळ, आणि उतरणाऱ्यांत सगळेच काही समुद्र बघायला चालले नसावेत. भरूचला नर्मदा, की मग वडोदरा आलंच.

आता कायद्याचं. गमतीची गोष्ट ही, की गुजरातची दारूबंदी आणि महाराष्ट्रातलं ‘परमिट रूम’ ही एकाच आईची लेकरं आहेत. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याच वर्षी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठही उभं राहिलं. १९६० साली राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांनीही ठेवला. आम्ही त्यातून परमिटाची पळवाट रुंद केली, इतकी की दुकानात ते कोणी विचारतही नाही. त्यांनी ती अरुंद ठेवली, पण बुजवली नाही. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसाला ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट दाखवून परमिट मिळतं. ते घेऊन ठरावीक हॉटेलांना जोडलेल्या दुकानांतून खरेदी करायची. हिशेब ‘युनिट’मध्ये. एक युनिट म्हणजे कडक मद्याची ७५० मिलीची एक बाटली, किंवा वाइनच्या तीन, किंवा बिअरच्या मोठ्या दहा. राज्यातल्या रहिवाशाला हवं असेल तर वय चाळीसच्या वर लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याला तिथं हेल्थ परमिट म्हणतात, आणि वय वाढेल तशी युनिटं वाढतात. काकांच्या मते सरकारनं ज्येष्ठ नागरिकांसाठी केलेली ही एकमेव विचारी गोष्ट. त्यांचं परमिट त्यांच्या नावाचं, माझं माझ्या नावाचं. परमिटवाल्यानं बिनपरमिटवाल्याला पाजायची नाही, हा नियम काका कडक पाळतात. काकूंना त्यामुळं वास घेण्यापलीकडं काही मिळालं नाही, आणि त्यांची तक्रारही नव्हती.

दुकान एका हॉटेलच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानासारखं. जाळी, रजिस्टर, संगणक, शिक्का. गिऱ्हाईक हळू आवाजात बोलतं. व्हिस्कीचा भरणा, टकीला कोपऱ्यात. दोन पांढऱ्या आणि एक पिवळसर तांबूस अन्येहो, चाळीस टक्क्यांची. माझं युनिट तिच्यावर खर्ची पडलं.

काकांनी बाटली हातात घेतली ती उघडायला नव्हे, वाचायला. निम्मी परीक्षा चिठ्ठीवरच होते, हे त्यांचं म्हणणं. ‘शंभर टक्के अगावे’ असं छापलेलं नसेल, तर निदान एक्कावन्न टक्के साखर अगावेची आणि उरलेली उसाची किंवा मक्याची, असा सरळ अर्थ. मग ‘नॉम’ ही अक्षरं आणि त्यापुढं चार आकडी क्रमांक. तो भट्टीचा क्रमांक. एकाच भट्टीतून दहा ब्रँड बाहेर पडतात, वेगवेगळ्या बाटल्यांत आणि वेगवेगळ्या किमतींना. क्रमांक बघितला की गोतावळा कळतो. मग वय. ‘रेपोसादो’ म्हणजे निदान दोन महिने लाकडात, ‘अन्येहो’ निदान एक वर्ष आणि तेही सहाशे लिटरपेक्षा मोठं नसलेल्या पिंपात, ‘एक्स्ट्रा अन्येहो’ तीन वर्षं. हा शेवटचा वर्ग २००६ साली केला. पिंप लहान तितका लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून ती सहाशेची मर्यादा. प्रत्यक्षात वापरतात ती बहुतेक दोनशे लिटरची, अमेरिकेत बर्बनसाठी एकदा वापरून झालेली पिंपं. बर्बनला दर वेळी नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं असा तिथला कायदा आहे, त्यामुळं जुनी स्वस्तात मिळतात.

“आणि जे छापलेलं नाही ते सगळ्यात महत्त्वाचं,” काका म्हणाले. मुरवलेल्या टकीलात एक टक्क्यापर्यंत चार गोष्टी घालायची मुभा आहे: कॅरमेलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. एक टक्क्याच्या आत असेल तर चिठ्ठीवर सांगायची सक्ती नाही. एक टक्का ऐकायला काहीच नाही. पण व्हॅनिलाच्या वासाला, गुळगुळीतपणाला आणि पिंपात चार वर्षं काढल्याचा आव आणायला तेवढं पुष्कळ होतं.

मग काकांनी कपाटातून हायड्रोमीटर काढला. काचेचा, बुडाशी वजन, वर लांब मान, मानेवर अल्कोहोलचे टक्के. एक उंच नळकांडं, एक थर्मामीटर. टकीला नळकांड्यात ओतली आणि काच सोडली. ती जरा बुडाली, वर आली, थरथरली, स्थिर झाली. वाचन बेचाळीस पूर्णांक पाच.

“चाळीसची बाटली, साडेबेचाळीस कशी?”

“थर्मामीटर बघ.” अठ्ठावीस अंश. काच वीस अंशांवर बेतलेली असते. गरम द्रव पातळ होतो, काच जास्त बुडते, वाचन फुगतं. या तीव्रतेला दर अंशामागं साधारण शून्य पूर्णांक चार वजा करायचे. आठ अंशांचे तीन पूर्णांक दोन गेले. उरले एकोणचाळीस पूर्णांक तीन.

“मग पाऊण टक्का कमी भरला?”

“कमी भरला नसेल. लपला असेल.” साखर किंवा ग्लिसरीन किंवा लाकडाचा अर्क विरघळलेला असला की द्रव जड होतो, काच कमी बुडते आणि अल्कोहोल आहे त्याहून कमी दिसतं. पाऊण टक्का लपवायला लिटरमागं दोन-तीन ग्रॅम ऐवज पुरतो. तो पिंपाचा की पाकाचा, हे काच सांगत नाही. काकांनी वॉच ग्लासवर चमचाभर टकीला टाकून खिडकीत ठेवली. सकाळी तिथं तपकिरी कडा उरली होती, बोटाला किंचित चिकट. “लाकूडही थोडं चिकटतं,” ते म्हणाले, “म्हणून यावरून कोणाला फाशी द्यायची नाही. फक्त संशय वहीत लिहायचा.” नळकांड्यातली टकीला त्यांनी फनेल लावून परत बाटलीत ओतली, थेंब न सांडता. युनिट एकच होतं.

प्रूफ या शब्दाचा गुंताही तिथंच सुटला. अमेरिकेत टक्क्यांची दुप्पट म्हणजे प्रूफ. पन्नास टक्के म्हणजे शंभर प्रूफ. इंग्रजांचं माप वेगळं, त्यांचं शंभर प्रूफ सत्तावन्न टक्क्यांच्या जरासं वर. आपल्या देशी व्हिस्की-रमच्या बाटलीवर बेचाळीस पूर्णांक आठ टक्के हा विचित्र आकडा असतो तो त्यातून आला: इंग्रजी शंभराचे पंच्याहत्तर, अर्थात प्रूफच्या पंचवीस अंश खाली. साइक्सचा हायड्रोमीटर इंग्लंडच्या जकात खात्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीकारला, तो आपल्या आबकारी खात्यात आला, साहेब गेला आणि आकडा राहिला.

मेक्सिकोतल्या जुन्या भट्टीवाल्यांना काच लागत नाही. ते मद्य उंचावरून भांड्यात सोडतात आणि वर जमणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघतात. साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान ते मोत्यांसारखे कडेनं जमतात आणि टिकतात. त्याच्या खाली किंवा वर गेलं की झटकन फुटतात. काकांनी आमची बाटली हलवून दाखवली. बुडबुडे आले आणि गेले. “हे लक्षात ठेव. दादरला परत बघू.”

एवढं होईपर्यंत दिवेलागण झाली. चाखायचं राहिलंच होतं. काकूंनी लिलो चिवडा आणला, काकांनी तो परत पाठवला. आधी चिवडा खाल्ला तर त्यातली साखर, लिंबू आणि हिरवी मिरचीच चाखली जाईल. साधे मुरमुरे आणि पाणी, बस. लिंबू-मीठ तर नावालाही नाही. ते वाईट टकीलाचं तोंड झाकायला असतं, आणि चांगलीचं तोंड झाकायचं कशाला? पेला ट्यूलिपच्या घाटाचा, पोट रुंद आणि तोंड अरुंद. तळाला बोटभर टकीला, वर झाकण म्हणून वॉच ग्लास. “निरांते बस. दहा मिनिटं हात लावू नकोस.” निरांते हा बडोद्याच्या मराठीतला गुजराती पाहुणा, तो आला की घाई करायची नाही.

दहा मिनिटांनी झाकण काढलं. नाक पेल्यात खुपसायचं नाही. पेला तिरका धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, म्हणजे अल्कोहोलची झळ तोंडावाटे निघून जाते. कडेच्या खालच्या बाजूला जड वास, वरच्या बाजूला हलके. मला प्रथम व्हॅनिला आला, मग खोबरं, मग कॅरमेल. “हे सगळं लाकूड,” काका म्हणाले. “व्हॅनिलिन, ओकचं लॅक्टोन, जळलेली साखर. हे व्हिस्कीतही असतं. अगावे कुठाय?” अगावेचा गाभा, म्हणजे पानं छाटून उरलेला चाळीस-पन्नास किलोचा गड्डा, भट्टीत शिजवतात. त्यातलं इन्युलिन फुटून फळसाखर होते आणि मगच ते आंबवता येतं. शिजलेल्या त्या गड्ड्याचा वास भाजलेल्या रताळ्याच्या जवळचा, सोबत मिरी आणि ओली वनस्पती. मी शोधला. होता, पण मागच्या बाकावर. मग काकांनी तळहातावर चार थेंब चोळायला लावले. अल्कोहोल उडालं, लाकूड मागं सरलं आणि रताळं पुढं आलं. ही युक्ती मला फार आवडली. तिला ना काच लागते ना शिक्षण.

पेल्याच्या आतून ओघळ उतरतात ते बघून मान डोलवणारे लोक मी पाहिले आहेत. काकांनी तेही मोडीत काढलं. अल्कोहोल काचेवरून आधी उडतं, उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण वाढतो, ते द्रव वर खेचतं आणि जड झालं की ओघळतं. ओघळ तीव्रता सांगतात, दर्जा नाही. आणि ग्लिसरीन घातलेलं असलं तर ओघळ फारच देखणे दिसतात.

पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, त्याला गुण द्यायचे नाहीत. दुसरा मोजायचा. ही बाटली मऊ होती, गोडसर होती, घशाखाली तक्रार न करता गेली, आणि मिनिटभरात तिची आठवणही गेली. मला आवडली. काकांनी वहीत लिहिलं: ‘सौजन्यशील. अगावे दबलेला. गोडी संशयास्पद.’ दोघांचं मिळून साठ मिलीही झालं नाही. कोट्यानं मिळणारी गोष्ट माणूस किती लक्ष देऊन पितो, ते मुंबईच्या बारमध्ये कधी दिसलं नव्हतं.

सकाळी सेव-उसळ खाऊन काका मला गोरव्याच्या बाजूला घेऊन गेले. अॅलेम्बिक बघ म्हणाले. १९०७ साली स्थापन झालेली ही कंपनी, ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचंच नाव घेतलेली. सुरुवातीला टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायची. कफ सिरप आणि अँटिबायोटिक नंतरचं. मागं उभी माणसं तीन: प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, भाईलाल अमीन आणि आपले कोटीभास्कर. गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि १८९० साली सयाजीरावांनी काढलेल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, रसायन असं सगळं देशी भाषेत शिकवणारी ती शाळा. दादासाहेब फाळके तिथलेच. आज ती विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. औषध म्हणून अल्कोहोल आणि चैन म्हणून अल्कोहोल यांच्यामधली रेघ या गावानं शंभर वर्षं सांभाळली आहे, असं काकांचं म्हणणं. मला ते जरा ओढूनताणून वाटलं. हेल्थ परमिट आठवलं तेव्हा मात्र तितकंसं वाटलं नाही.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, आपल्याकडं अगावेचं मद्य का होत नाही? होतं, ते म्हणाले. दख्खनच्या माळावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेनं जो घायपात दिसतो, ज्याच्या वाखाचे दोर आपण पिढ्यान्‌पिढ्या वळले, तो अगावेच. टकीलाचा निळा अगावे नव्हे, त्याचा भाऊबंद, अगावे अमेरिकाना. डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात त्यापासून मद्य गाळायला घेतलं आणि २०११ साली ते गोव्यात ‘डेस्मंडजी’ नावानं विकायला आणलं. ‘माया पिस्तोला’वाले तर ओकमध्ये मुरवलेलंही विकतात. टकीला मात्र म्हणता येत नाही. ते नाव १९७४ पासून हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरतं राखलेलं आहे. कोल्हापुरी चपलेच्या नावाचं भांडण आठवा.

लग्नाच्या निमित्तानं काका दादरला आले, बॅगेत हायड्रोमीटर, ड्रॉपर, दोन पेले आणि वही. सयाजीगंजची उरलेली बाटली अर्थातच तिकडं. दोन्ही शेजारी ठेवता आल्या असत्या तर बरं झालं असतं. कायद्यापुढं वहीवर भागवलं. मी जन्मभराचं परमिट काढून ठेवलं होतं. काकांनी ते बघितल्याशिवाय झाकणाला हात लावला नाही.

हलवल्यावर बुडबुडे कडेनं जमले आणि मी घड्याळाकडं बघेपर्यंत टिकले. हायड्रोमीटर सत्तावीस अंशांना बावन्न पूर्णांक चार. दुरुस्ती करून पन्नासला अगदी थोडं कमी. म्हणजे विरघळलेलं फारसं काही नाही. वॉच ग्लासवर वाळवल्यावर उरली ती फिकट कडा, कोरडी. रंगही सयाजीगंजातल्या बाटलीपेक्षा फिका, उन्हाळ्यातल्या गवताचा. पिंपात वर्षभराहून जास्त राहूनही फिका, म्हणजे पिंप बऱ्याच वेळा वापरलेलं असणार, आणि रंग वरून ओतलेला नाही.

वासाला आधी झळ होतीच. पहिली पाच मिनिटं तर जवळ जाववेना. काकांनी वीस मिनिटं झाकून ठेवली, मधे वरातीच्या वेळेवरून दोन फोन झाले, मग झाकण काढलं. या वेळी रताळं पुढच्या बाकावर होतं. मागं काळी मिरी, सुंठ, मोसंबीची साल, आणि त्याच्याही मागं व्हॅनिला आणि लवंग. लाकूड हजर होतं, पण यजमान नव्हतं. पन्नासला घोट घेतला तर जीभ क्षणभर बधिर झाली. चव नंतर आली, टाळूवर पसरली आणि बराच वेळ राहिली.

मग ड्रॉपर. वीस मिलीत पावणेदोन मिली पाणी, म्हणजे पस्तीसेक थेंब, की तीव्रता शेहेचाळीसवर. काका एकेक थेंब मोजत होते आणि मी मधे काही बोललो की पुन्हा मोजत होते. पेला हाताला किंचित कोमट लागला; पाणी आणि अल्कोहोल मिसळताना उष्णता निघते आणि आकारमान आटतं, पन्नास मिली अधिक पन्नास मिली मिळून शंभर भरत नाहीत. पाणी घातल्यानं वास खुलतो यालाही आधार आहे. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ साली व्हिस्कीतल्या ग्वायाकोल या धुरकट वासाच्या रेणूचं संगणकावर गणित मांडलं होतं. तीव्रता जास्त असताना अल्कोहोल त्या रेणूला वेढून आत धरून ठेवतं, पंचेचाळीसच्या आसपास तो पृष्ठभागावर येतो. टकीलात तोच रेणू तितकाच असेल असं नाही, पण वाट तीच. शेहेचाळीसला ही टकीला उत्तम होती. मिरी तशीच, रताळं गोड झालेलं, मोसंबी स्पष्ट, आणि जीभ शुद्धीवर.

आणखी थेंब घालून चाळीसवर आणली, आणि इथं मला अपेक्षा नव्हती ते झालं. गोष्टी त्याच, प्रमाण तेच, पण मिरी विझली, मोसंबी गेली, आणि व्हॅनिला पुढं येऊन बसला. पेला जवळजवळ सयाजीगंजातल्या बाटलीसारखा वागायला लागला. म्हणजे तिकडं अगावे दबला होता तो केवळ पाकामुळं किंवा लाकडामुळं नव्हे. पाण्याचाही हात असणार. मुरलेल्या टकीलात जास्तीची तीव्रता नशेसाठी नसते. लाकडापुढं अगावेला आवाज उरावा म्हणून ती लागते. पन्नासची बाटली विकत घेतली म्हणून ती पन्नासलाच प्यायली पाहिजे असं मुळीच नाही. कुठं थांबायचं ते पिणाऱ्यानं ठरवावं, एवढी सोय त्या जादा दहा टक्क्यांत मिळते.

आमचं एकमत झालं नाही. काका त्रेचाळीसला थांबायचं म्हणत होते, मी शेहेचाळीसला. काकांचा आणखी एक आक्षेप होता. एवढा अगावेच शोधायचा तर मग पिंपात घालायचा कशाला? आत्तेभावानं किंमत सांगितली तेव्हा ते थोडा वेळ हिशेब करत बसले. मग वहीत लिहिलं, ‘सच्ची. महाग. पिंप नसतं तरी चाललं असतं.’ आत्तेभावानं विचारलं, पुढच्या खेपेला काय आणू? “पंचावन्नची ब्लांको आण,” काका म्हणाले. “चिठ्ठीवर नॉम बघून आण. आणि दादरलाच उतरव, बडोद्याला मी युनिटावर भागवतो.”